वाचकांचे प्रश्न : शिसवी पलंगातून गिटार होईल का?

प्रश्न : मी अनेक वर्षे हौसेने गिटार वाजवतो आणि त्यातही ‘पिक’ या छोट्या पट्टीऐवजी बोटांनी तारा छेडण्याची शैली मला अधिक जवळची आहे. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून एखाद्या स्वतंत्र कारागिराकडून स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार घडवून घ्यावी, असा विचार आहे. घरात आजोबांच्या काळातल्या शिसवी पलंगाच्या जाड फळ्या पडून आहेत. गिटारची पाठ आणि बाजू त्यांतूनच व्हाव्यात, अशी फार इच्छा आहे. कारागीर कसा निवडावा, त्याला काय काय सांगावे आणि आगाऊ रक्कम किती द्यावी, याबद्दल मार्गदर्शन करावे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : पलंगाच्या फळ्यांपासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या पत्रातला जीव तेथेच अडकलेला दिसतो. शिसव हे गिटारसाठी नावाजलेले लाकूड आहे. ब्राझीलचे रोझवूड, म्हणजे शिसवाचे तिकडचे भावंड, दुर्मीळ होत गेल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या रोझवूड गिटारींसाठी जे लाकूड पत्करले, ते आपल्याकडचे हेच शिसव. परंतु पलंगाची फळी आणि गिटारची पाठ यांच्या गरजा निराळ्या आहेत. पाठीसाठी सुमारे २० सेंटीमीटर रुंद आणि ५५ सेंटीमीटर लांब अशी दोन पाने लागतात, बाजूंसाठी सुमारे ८० सेंटीमीटर लांबीच्या दोन पट्ट्या लागतात आणि हे सगळे घासून २ ते २.५ मिलिमीटरपर्यंत पातळ करावे लागते. इतक्या पातळ पानात खिळ्याचे भोक, सांध्याची खाच किंवा जुनी चीर लपून राहत नाही. शिवाय फळी खोडातून कशी काढली आहे, यालाही महत्त्व असते. फळीच्या कापीव टोकाकडून पाहिल्यावर वाढीच्या रेषा जाडीत उभ्या दिसल्या तर उत्तम. त्या आडव्या पसरलेल्या असतील तर पान ऋतूनुसार अधिक फुगते आणि आकसते व कधीतरी तडकते. पलंग करणाऱ्या सुताराने हा विचार केला नसेल आणि त्याला तो करण्याचे कारणही नव्हते.

बाजूंचे काम तर आणखी नाजूक असते. पट्टी ओलसर करून तापलेल्या नळीवर हळूहळू दाबत वाकवतात. गिटारच्या कंबरेपाशी, जेथे वळण सर्वांत तीव्र असते, तेथे ती मोडली तर त्याच पलंगातली दुसरी पट्टी मिळेलच असे नाही. म्हणून फळ्यांची, विशेषतः त्यांच्या टोकांची, स्वच्छ छायाचित्रे कारागिराला पाठवा आणि तो नाही म्हणाला तर आग्रह धरू नका. त्याच लाकडातून फिंगरबोर्ड (तारा दाबण्याची पट्टी) किंवा ब्रिज (तारा खालच्या टोकाला अडकवतात तो ठोकळा) करता येतो का, हे मात्र अवश्य विचारा. वाजवताना पाठ दिसतही नाही, फिंगरबोर्ड मात्र सतत बोटांखाली असतो.

आता थोडे अप्रिय वाटेल असे सांगतो. पाठीच्या लाकडावरून गिटारवादक जेवढे वाद घालतात, तेवढा फरक कानाला जाणवतो का, याची चाचणी इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी घेतली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यासाठी रॉजर बकनॉल या अनुभवी कारागिराने सहा गिटारी घडवल्या. त्यांची पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या होत्या, बाकीची रचना शक्य तितकी एकसारखी ठेवली होती. अंधुक उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे चढवलेल्या ५२ वादकांनी त्या वाजवल्या आणि सहाही गिटारींना जवळपास सारखेच गुण दिले. ब्राझीलच्या दुर्मीळ रोझवूडलाही या चाचणीत वेगळे स्थान मिळाले नाही. एका प्रयोगाने हा वाद मिटणार नाही, हे मान्य. तरीही पैसे कोठे घालावेत आणि कोठे घालू नयेत, हे ठरवायला मला तो पुरेसा वाटतो.

पैसे आणि लक्ष दोन्ही वरच्या फळीवर, म्हणजे टॉपवर, आणि ती घडवणाऱ्या हातावर खर्च करावेत. स्टीलच्या तारांचा सगळा मिळून ताण साधारण ७० किलोंच्या वर जातो आणि तो सोसणारी ही फळी अडीच ते तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते. तिला आतून इंग्रजी एक्स अक्षराच्या आकारात पट्ट्यांचा आधार दिलेला असतो आणि ही रचना १८४०च्या दशकापासून अमेरिकन गिटारींमध्ये दिसते. एकाच झाडाच्या दोन फळ्यांचाही ताठपणा सारखा नसतो. जाणता कारागीर फळी दोन बोटांत सैल धरून टिचकी मारतो, आडवी आणि उभी वाकवून पाहतो आणि कोठे आणखी अर्धा मिलिमीटर कमी करायचा ते ठरवतो. पट्ट्या चिकटवल्यावरही तो पटाशीने त्यांची टोके थोडीथोडी छिलत जातो आणि पुन्हा ठोकून ऐकतो. कारखान्याला प्रत्येक फळीसाठी इतका वेळ परवडत नाही आणि वॉरंटीच्या तक्रारी नकोत म्हणून तेथे फळ्या सहसा थोड्या जाडच ठेवतात. हाताने घडवलेल्या गिटारसाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजतो, ते मुख्यतः याच निर्णयांचे असतात. बोटांच्या हलक्या स्पर्शाला सीडरच्या लाकडाची फळी पटकन दाद देते, तर जोरकस वाजवणाऱ्याला स्प्रूसचे लाकूड अधिक साथ देते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. आपल्या शैलीसाठी सीडरचा विचार जरूर करावा.

कारागीर निवडताना त्याच्या हातच्या किमान दोन गिटारी, शक्यतो वापरात येऊन काही वर्षे झालेल्या, स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय शब्द देऊ नये. चित्रफितीवरून चकाकी कळते, पण नेक, म्हणजे गिटारचा दांडा, हातात कसा बसतो ते कळत नाही. त्याच्या गिटारींचा मूळ स्वभावच आवडत नसेल, तर आपल्यासाठी तो वेगळे काही करील या आशेवर राहू नका आणि दुसऱ्याच्या शैलीची नक्कल त्याच्याकडून करवून घेण्याच्या भानगडीतही पडू नका. या सदरात आम्ही कारागिरांची नावे सुचवत नाही, त्याबद्दल गैरसमज नसावा.

त्याच्याकडे जाताना आपली सध्याची गिटार बरोबर न्या. ‘आवाज गोड आणि भरदार हवा’ असे प्रत्येक गिऱ्हाईक सांगते आणि त्यातून कारागिराच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी त्याच्यासमोर बसून वाजवा आणि नेमके कोठे अडते ते दाखवा. तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे सूर लगेच विझतो का, पहिली तार नखाशिवाय छेडली तर बाकीच्यांत बुडून जाते का, या गोष्टी त्याला उपयोगी पडतात. मग मापांकडे वळा. बाजारातल्या पुष्कळ गिटारींची नटपाशी, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, रुंदी ४३ मिलिमीटर असते. बोटांनी वाजवणाऱ्याला ४४.५ मिलिमीटर किंवा त्याहून किंचित अधिक रुंदी सोयीची पडते. तारेची कंप पावणारी लांबी साधारण ६४५ मिलिमीटर असते, पण ६३२ मिलिमीटरचेही माप रूढ आहे. त्यात ताण थोडा कमी होतो आणि फ्रेट जवळजवळ येतात, म्हणून बोटांचे सांधे कुरकुरत असतील तर ते अधिक सुखाचे होते. नेकची जाडी कॅलिपरने मोजून घ्या. तारा कोणत्या जाडीच्या लावता, त्या खालच्या सुरात उतरवता का, नखे वाढवता का, हेही सांगा. शिंपल्याच्या जडावाचा मोह मात्र आवरा. बाराव्या फ्रेटवर नातवाचे नाव कोरून घेतले की ती गिटार पुढे विकणे अवघड होते.

एक प्रश्न बहुतेक लोक विचारायला विसरतात : पावसाळ्यात आपल्या कार्यशाळेत हवा किती कोरडी ठेवता? अकूस्टिक गिटारचे काम ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत व्हावे, असा संकेत आहे. जुलैच्या दमट हवेत फुगलेली फळी तशीच चिकटवली, तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती आकसते आणि कडा जखडलेल्या असल्यामुळे तडकते. भिंतीवर आर्द्रतामापक आणि कोपऱ्यात चालू स्थितीतला डीह्युमिडिफायर दिसला, तर निम्मी चिंता मिटली म्हणून समजा. गिटार घरी आल्यावरही तिच्या पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि ती भिंतीवर टांगू नका.

व्यवहार लेखी असावा. सर्व मापे, लाकडे, पॉलिशचा प्रकार, पेटी, पिकअप (गिटारचा आवाज ध्वनिवर्धकाकडे नेणारे उपकरण) आणि अंदाजे मुदत एका कागदावर उतरवून दोघांनी सह्या कराव्यात. नोंदणीच्या वेळी पाव ते एक तृतीयांश रक्कम, लाकूड निवडून काम सुरू झाल्यावर दुसरा हप्ता आणि गिटार वाजवून पाहिल्यावर उरलेली रक्कम, ही विभागणी मला रास्त वाटते. संपूर्ण रक्कम आधी मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. माप चुकले, नेक वाकला किंवा सांधा सुटला तर दुरुस्ती कोणाची आणि किती काळापर्यंत, हे स्पष्ट लिहून घ्या. मात्र ‘आवाज मनासारखा नाही’ या तक्रारीवर पैसे परत मिळतील, असे गृहीत धरू नका. तसे करायला तो तयार आहे का, हे आधीच विचारावे. मुदत वर्षभराची सांगितली तर ती दीड वर्षावर जाऊ शकते, हे धरूनच चाला आणि दर आठवड्याला फोन करून त्याचे रंधणे थांबवू नका.

प्रश्न : माझी बहीण कॅनडात असते. तेथील एका कारागिराकडून रोझवूडची गिटार करवून ती माझ्यासाठी आणणार आहे. या लाकडावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, असे ऐकले. ते खरे आहे का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : बंदी सरसकट नाही. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस या आंतरराष्ट्रीय करारानुसार २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया या प्रजातीतल्या सर्व लाकडांवर, म्हणजे आपल्या शिसवावरही, परवान्याची अट आली आणि वाद्यनिर्माते मेटाकुटीला आले. पुढे २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना या अटीतून सूट मिळाली. या सवलतीत ब्राझीलचे रोझवूड मात्र बसत नाही. ते १९९२ पासून सर्वांत कडक यादीत असून त्याची गिटार कागदपत्रांशिवाय सीमेपार नेता येत नाही. म्हणून पावतीवर लाकडाचे शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि नट, सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) किंवा खुंट्यांत हस्तिदंत नाही याचीही खात्री करा. आयातशुल्क किती लागेल, हे बहिणीने निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाकडे विचारावे. विमानात गिटार कडक पेटीतूनच न्यावी आणि तारा थोड्या सैल कराव्यात.

प्रश्न : मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्ये घडवली जातात. तेथल्याच एखाद्या कारागिराकडून गिटार करून घेतली तर? — एक वाचक, सांगली

उत्तर : मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि गवयाच्या गळ्याला जुळेल असा तंबोरा सांगून करवून घेण्याची तेथली रीत फार जुनी आहे. पण तो हात गिटारवर आपोआप चालेल असे नाही. सतारीचे पडदे बांधलेले असतात आणि वादक ते सरकवून सूर साधून घेतो. गिटारचे फ्रेट खाचेत ठोकलेले असतात. प्रत्येक फ्रेटची जागा उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागून काढतात. त्या हिशेबाने ६४५ मिलिमीटरच्या गिटारीत पहिला फ्रेट नटपासून ३६.२ मिलिमीटरवर येतो आणि खाच एकदा चुकली की सरकवण्याची सोय नसते. मिरजेतल्या एखाद्या कारागिराने यापूर्वी गिटारी केल्या असतील, तर त्यांतली एक मागून घ्या, तारा जुळवा, प्रत्येक तार मोकळी आणि बाराव्या फ्रेटवर दाबून ट्यूनरवर तपासा आणि मगच काम सोपवा.