हमीपत्रावर पालकांची सही आहे, मग घाबरायचं कशाला?

प्रश्न : सातारा शहरात आमची किशोरवयीन मुलांसाठी काम करणारी संस्था आहे. सोसायटी आणि सार्वजनिक न्यास अशा दोन्ही नोंदण्या आहेत. मी सहसचिव आहे. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीत "सुरक्षितता आणि विमा तुम्ही बघा" असं तोंडी ठरलं. मे महिन्यात मुलामागे १,८०० रुपये घेऊन तीन दिवसांचं शिबिर झालं. वाईजवळ रॅपलिंग (दोरानं कडा उतरणं) करताना १४ वर्षांचा एक मुलगा कड्यावर आपटला. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. आता त्याच्या वडिलांनी वकिलामार्फत पाच लाखांची नोटीस पाठवली आहे, उत्तराला १५ दिवस दिलेत. नोटीस आल्यापासून आमच्यापैकी कुणी त्यांच्या घरी गेलेलं नाही. अध्यक्ष म्हणतात, हमीपत्रावर पालकांची सही आहे, घाबरायचं कशाला? गट अपघात विमा आणि पब्लिक लायबिलिटी पॉलिसी आहे, पण कंपनीला अजून कळवलेलं नाही. मी त्या दिवशी शिबिरावर नव्हते. माझ्या घरावर काही येईल का? राजीनामा देऊन मोकळी होऊ का?

उत्तर :

ताई, आधी त्या मुलाला भेटून या. नोटीस आली म्हणून विचारपूस बंद करायला कोणताही कायदा सांगत नाही. हात कसा आहे, टाके निघाले का, शाळेत लिहिता येतं का, एवढं विचारा. मात्र चूक कुणाची आणि पैसे किती, हे दोन विषय त्या घरात काढू नका. कारण तुमच्या पॉलिसीत बहुधा एक अट असेल : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय संस्थेनं जबाबदारी कबूल करायची नाही, रक्कम देऊ करायची नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सगळा खर्च आम्ही करू" असं कुणी भावनेच्या भरात लिहिलं असेल, तर तो मेसेज पुसू नका. तो आहे तसा कंपनीला दाखवा.

आणि कंपनीला आजच कळवा. एजंटला फोन केला म्हणजे कळवलं असं होत नाही. कंपनीच्या शाखेत पत्र द्या, पोच म्हणून शिक्का घ्या, तेच पत्र ईमेलनंही पाठवा. पॉलिसी क्रमांक, तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कोणत्या दवाखान्यात नेलं, एवढंच लिहा, अंदाज नको. सोबत नोटिशीची प्रत जोडा. उशीर का झाला तेही खरं लिहा. दावा खरा असेल आणि उशिराला सबळ कारण असेल, तर निव्वळ उशिराच्या मुद्द्यावर तो फेटाळू नये, असं विमा नियामक प्राधिकरणानं सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे. पण आता यापुढचा एकेक दिवस तुमच्या विरुद्ध मोजला जाईल. नोटिशीचं उत्तरही कंपनीशी बोलूनच द्या, कारण बचाव कसा करायचा हे ठरवण्याचा हक्क बहुतेक पॉलिसींत कंपनीनं स्वतःकडे ठेवलेला असतो.

आता हमीपत्राकडे वळू. "काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही" हे वाक्य सातारा-सांगलीकडच्या जवळजवळ प्रत्येक शिबिराच्या अर्जावर असतं आणि त्याच्या जिवावर मंडळी निर्धास्त असतात. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, व्यक्ती करार करू शकत नाही, हे १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ११ सांगतं. मुलाच्या वतीनं वडिलांनी सही केली, तरी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम ८ पालकाला मर्यादा घालतं : वैयक्तिक कराराने तो मुलाला बांधून टाकू शकत नाही. शिवाय स्वतःच्या निष्काळजीपणाची माफी आधीच लिहून घेणारी अट न्यायालयं फार बारकाईनं तपासतात. अध्यक्षांना नम्रपणे सांगा, त्या वाक्यावर विसंबू नका.

पण हमीपत्र फेकूनही देऊ नका, त्याचा उपयोग दुसरीकडे आहे. त्यात "रॅपलिंग" हा शब्द आहे का ते बघा. दोरानं कडा उतरायचा आहे, खरचटण्याची, पडण्याची शक्यता आहे, हे पालकांना कळवलं होतं असं त्यावरून दाखवता आलं, तर त्या खेळात मुळातच असलेला धोका त्यांना माहीत होता असं म्हणायला जागा राहते. "विविध मैदानी उपक्रम" एवढंच मोघम लिहिलं असेल, तर तीही जागा गेली. आणि धोका माहीत होता याचा अर्थ ढिली बांधलेली गाठ पालकांनी मान्य केली होती, असा कुणी लावणार नाही.

खरा प्रश्न त्या गाठीपाशी आहे. वर दोर कशाला बांधला होता? मुख्य दोराशिवाय बिलेचा, म्हणजे उतरणाऱ्याला खालीवरून सांभाळून धरणारा, वेगळा दोर होता का? तो कुणाच्या हातात होता? हेल्मेट होतं का? एका प्रशिक्षकामागे किती मुलं होती? प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र तुम्ही स्वतः पाहिलं होतं, की "तो कसलेला आहे" असं कुणी सांगितलं म्हणून बोलावलं? रॅपलिंग बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलं असेल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे तिची नोंदणी आहे का? नुकसानभरपाईचा निकाल या उत्तरांवर फिरेल.

म्हणून तो दोर, ती हार्नेस (कमरेचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) जसे आहेत तसे एका पोत्यात घालून, चिठ्ठी लावून कुलपात ठेवा. पुन्हा वापरू नका, धुऊ नका, कुणाला देऊ नका. सगळ्यांच्या मोबाइलमधले त्या दिवसाचे फोटो एकत्र करा. सामान तपासणीची वही त्या दिवशी लिहिली नसेल, तर ती नाही असंच म्हणा. मागची तारीख टाकून वही तयार करायचा सल्ला कुणीतरी नक्की देईल. तो ऐकलात तर दिवाणी प्रकरणातून उठून खोट्या पुराव्याच्या गुन्ह्यात जाऊन पडाल, आणि विमा कंपनीही हात वर करेल.

तुमच्या दोन पॉलिसी दोन वेगळ्या कामांच्या आहेत. गट अपघात विमा चूक कुणाची हे विचारत नाही. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास ठरलेली रक्कम देतो. हाड मोडल्याचा दवाखान्याचा खर्च मात्र त्यात आपोआप येत नाही, वैद्यकीय खर्चाचं कलम वेगळं घेतलेलं लागतं. ते असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि बिलं मागून तो दावा आधी लावा. त्या घरावरचा भार तेवढा हलका होईल, आणि त्यात संस्थेची कबुलीही येत नाही.

पब्लिक लायबिलिटी पॉलिसी कामी येते ती संस्थेची कायदेशीर जबाबदारी उभी राहिली तर. वकिलाचा खर्चही साधारणपणे तीच उचलते. (१९९१ च्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्याखालची सक्तीची पॉलिसी घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी असते. नाव सारखं म्हणून एजंटनं तीच गळ्यात मारलेली नाही ना, तेवढं बघा.) मग तीन गोष्टी वाचा. साहसी खेळ वगळलेत का? शिबिरात भाग घेणारी मुलं वगळलीत का? आणि प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जात, उपक्रमांच्या रकान्यात संस्थेनं काय लिहिलं होतं? हप्ता वाढू नये म्हणून तिथे "व्यक्तिमत्त्व विकास वर्ग" लिहून कड्यावरून मुलं उतरवली असतील, तर कंपनी तेच पान पुढे करेल. आणखी एक : अशा बऱ्याच पॉलिसींत दावा पॉलिसी चालू असतानाच यावा लागतो. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.

वडील कुठे जाऊ शकतात? शुल्क घेतलं असल्यानं ग्राहक आयोगाचा रस्ता ते धरू शकतात, मुदत दोन वर्षं. शैक्षणिक उपक्रम "सेवा" ठरतात का यावर आयोगांपुढे वाद झालेले आहेत, तो बचाव तुमचे वकील घेतीलच. दिवाणी दाव्याचं गणित वेगळं. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे अज्ञान असेपर्यंत मुलाची मुदत सरत नाही. १८ पूर्ण झाल्यावरही त्याला तीन वर्षं मिळतात. म्हणजे आज १४ वर्षांचा मुलगा २१ व्या वर्षापर्यंत दावा लावू शकतो. शिबिराची कागदपत्रं दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत देण्याची सवय असेल तर मोडा.

आता तुमच्या घराचं. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० चं कलम ८ पदाधिकाऱ्याला मोठा आधार देतं : संस्थेविरुद्धच्या हुकूमनाम्याची (न्यायालयाच्या निकालाची) वसुली संस्थेच्या मालमत्तेतून होते, संस्थेच्या वतीनं ज्याच्या नावानं दावा झाला त्याच्या घरातून होत नाही. मात्र स्वतःच्या निष्काळजीपणाला हे कलम पांघरूण घालत नाही. फौजदारी बाजूचंही तसंच. हाड मोडणं ही गंभीर दुखापत. निष्काळजीपणाच्या कृत्यानं ती झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण ते कृत्य ज्याचं, त्याच्यावर. जागेवर नसलेल्या सहसचिवाला केवळ पदामुळे त्यात ओढता येत नाही. दोर जीर्ण झालाय असं तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं आणि तुम्ही गप्प बसलात, असं काही असेल तर मात्र मला किंवा तुमच्या वकिलांना ते आत्ताच सांगा.

राजीनामा देऊ नका. मागच्या तारखेची जबाबदारी त्यानं धुतली जात नाही, आणि कागदपत्रं कुठे आहेत हे माहीत असलेली एकमेव व्यक्ती बाहेर पडली तर संस्थेचा बचावच कोसळेल. तुमची नेमणूक झाली तेव्हा ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (पदाधिकारी बदलल्याची नोंद) गेला होता का, तिथल्या परिशिष्टावर, म्हणजे न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर, तुमचं नाव चढलंय का, हेही तपासा. अनेक संस्थांत मंडळ एक असतं आणि कार्यालयाच्या दप्तरी दुसरंच. दावा आला की हा घोळ पहिल्यांदा वर येतो.

मला तुमच्या पत्रातली सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट ते तोंडी "तुम्ही बघा" आहे. दोन वर्षं तुम्ही हप्ते भरलेत, पण वाईचा कडा कुणी निवडला, प्रशिक्षक कुणी ठरवला, हे तुम्हाला विचारलं गेलं नसणार. पुढच्या बैठकीत लेखी ठराव मागा : उपक्रमांची यादी शिबिराच्या महिनाभर आधी तुमच्याकडे यावी, ती विमा कंपनीला लेखी कळवावी, आणि प्रशिक्षक, सामान किंवा हवामान पटलं नाही तर उपक्रम रद्द करण्याचा अधिकार तुम्हाला असावा. त्याच ठरावात मुलांची ने-आण पांढऱ्या नंबरप्लेटच्या (खासगी नोंदणीच्या) भाड्याच्या गाडीतून होणार नाही, हे घाला. मुलांसोबत राहणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणीही घाला. २०२० च्या पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) नियमांनी ती मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांवर टाकलेलीच आहे. असा ठराव करायला मंडळ तयार झालं नाही, तर तुमचा नकार इतिवृत्तात नोंदवून ते काम सोडा. तेव्हा ते सोडण्यात मला काही गैर वाटणार नाही.

पण ते नंतर. १५ दिवसांतले किती उरलेत ते पत्रात नाही, म्हणून आजच शाखेत जा आणि शिक्क्याची पोच घेऊन या. संध्याकाळी मुलाकडे जाताना अध्यक्षांनाही बरोबर न्या.