राग आला की जोडीदार वाट्टेल ते बोलतो, नंतर माफी मागतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा का?

प्रेम आहे म्हणून विश्वास आपोआप बसत नाही. आपण दोन गोष्टी जोखत असतो: समोरच्याचा हेतू, आणि राग किंवा मोह झाला तरी त्या हेतूला धरून राहण्याची त्याची ताकद. फ्रान्चेस्का रिगेटी आणि कॅट्रिन फिंकेनाउअर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ मधल्या संशोधनातही हेच दिसलं. ज्याचा स्वतःवर ताबा आहे असं वाटतं, त्याच्यावर लोक जास्त विश्वास टाकतात.

म्हणून माफीपेक्षा पुढच्या भांडणाकडे नीट बघा. आवाज चढायला लागल्यावर तो ‘मला दहा मिनिटं दे’ म्हणून थांबतो का? आणि नंतर स्वतःहून येऊन तोच विषय पुरा करतो का? माझ्या मते हे दुसरं जास्त मोलाचं, कारण नुसतं उठून जाणं म्हणजे अबोलाच. थकवा, अपुरी झोप यांनी कुणाचाही तोल जातो, तेवढी सूट द्या. पण बाहेर सगळ्यांशी गोड आणि फक्त तुमच्यावरच डाफरत असेल, तर त्याला ताबा ठेवता येतो, तुमच्याशी वागताना तो ठेवत नाही. आणि त्याची भीती वाटत असेल, तर विश्वासाचा प्रश्न बाजूला ठेवा, आधी जवळच्या कुणाला तरी सांगा.