वाचकांचे प्रश्न : गेमसाठी संगणकातला कोणता भाग आधी बदलावा?

प्रश्न : आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अभ्यासाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, वेळ संगणकावर गेम खेळण्यात घालवतो. २०२१ साली घेतलेल्या या संगणकात आय३-१०१०० प्रोसेसर, एच४१० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि ४ जीबीचे जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड आहे. पॉवर सप्लाय ४५० वॅटचा आहे, पण त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. मॉनिटर फुल एचडी, ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा. मोठ्या, कथाप्रधान गेममध्ये चित्र अडखळते आणि नवा परिसर उघडताना दोन-तीन सेकंद थिजूनच जाते. मुलगा म्हणतो कार्ड बदला, दुकानदार म्हणतात प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदला, भाचा म्हणतो नुसती रॅम वाढवा. पंचवीस हजार रुपये बाजूला काढले आहेत. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आधी भाच्याचे, मग मुलाचे, दुकानदारांचे सध्या ऐकू नये. तिघेही चुकीचे बोलत नाहीत, परंतु प्रत्येकाचा सल्ला वेगळ्या दुखण्यावरचा आहे, आणि आपल्या संगणकाचे दुखणे कोणते हे एक पैसाही खर्च न करता घरीच तपासता येते.

पडद्यावरचे प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोन हातांतून जाते. कोण कुठे उभा आहे, कोणती भिंत कोसळली, शत्रू कोणत्या दिशेने निघाला, हा सारा हिशेब प्रोसेसर करतो, आणि त्या हिशेबावरून प्रत्यक्ष चित्र कार्ड रंगवते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या गतीने गेम चालतो. पंगतीत आचारी कितीही चपळ असला तरी वाढपी एकच असेल तर पाने रिकामीच राहतात, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी दुसरा आचारी आणून उपयोग नसतो, आणि संगणकाच्या बाबतीत लोक नेमकी हीच चूक करतात.

चाचणी अशी करावी. गेम चालू असताना विंडोज आणि जी ही दोन बटणे एकदम दाबली की गेम बार उघडतो आणि त्यात प्रोसेसर, कार्ड व रॅम यांचा वापर टक्क्यांत दिसतो. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडथळा कार्डाचा आहे. तो ६०-७० टक्क्यांवरच घुटमळत असेल आणि तरीही फ्रेम कमी पडत असतील, तर प्रोसेसर मागे पडतो आहे असे समजावे, मग त्याचा एकूण वापर ५० टक्केच का दिसेना. कारण प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) सगळा भार पडून बाकीचे मोकळे बसलेले असू शकतात. खात्रीसाठी गेमचे रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणावे. रंगवायचे पिक्सेल सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येतात, म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते, प्रोसेसरचे मात्र जवळपास तेवढेच राहते. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड बदलण्याजोगे आहे. जागच्या जागी राहिल्या तर नव्या कार्डावर खर्च करून हाती काही लागणार नाही. (त्याआधी मॉनिटरची केबल कार्डालाच जोडली आहे ना, हे मागे वाकून पाहावे. ती मदरबोर्डला जोडलेली असल्याने महागडे कार्ड निष्क्रिय बसलेले मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.)

आता आपली लक्षणे पाहू. फ्रेम कमी असणे वेगळे आणि नवा परिसर उघडताना चित्र थिजणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात दोष बहुधा कार्डाचा किंवा प्रोसेसरचा नसतो. ८ जीबी रॅम विंडोज आणि गेम मिळून भरून टाकतात, मग उरलेली माहिती हार्ड डिस्कवर ठेवली जाते, आणि फिरत्या तबकडीची ही डिस्क ती परत आणून देईपर्यंत बाकी सारे ताटकळत बसतात. आजचे मोठे गेम १६ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, गृहीत धरूनच तयार होतात. ‘स्टारफील्ड’ या २०२३ सालच्या गेमच्या तर किमान गरजांतच या दोन्ही गोष्टी आहेत. शिवाय आपली रॅम एकच असल्याने ती सिंगल चॅनेलमध्ये, म्हणजे एकाच वाटेने, चालते. त्याच क्षमतेची आणि त्याच वेगाची दुसरी ८ जीबीची डीडीआर४ रॅम लावली की क्षमता दुप्पट होईलच, पण प्रोसेसरला माहिती मिळण्याचा मार्गही रुंदावेल. सोबत ५०० जीबीची किंवा १ टीबीची साधी साटा (हार्ड डिस्कसारख्याच केबलने जोडायची) एसएसडी घेऊन तीवर विंडोज आणि खेळायचे गेम ठेवावेत. नवे कार्ड याशिवाय लावले तर चित्र अधिक सुंदर दिसेल आणि तितकेच थिजेल.

एवढे झाल्यावर महिनाभर थांबून वरची चाचणी पुन्हा करावी. जीटीएक्स १६५० हे २०१९ सालचे कार्ड असल्याने बहुधा तेच कमी पडताना दिसेल, आणि तेव्हा मुलाचे म्हणणे मान्य करावे. कार्ड आणि बोर्ड यांच्यात माहितीची ने-आण पीसीआयई नावाच्या मार्गाने, त्याच्या अनेक लेनमधून होते. एच४१० बोर्ड पीसीआयई ३.० या जुन्या पिढीचा आहे, म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड स्वस्त दिसले तरी घेऊ नये. ते केवळ चार लेनवर चालते आणि जुन्या बोर्डावर त्याची गती बरीच मारली जाते. आठ लेनचे ८ जीबीचे आरएक्स ६६०० आपल्या मॉनिटरला पुरून उरेल. मात्र ते १३२ वॅटचे कार्ड असून त्याला पॉवर सप्लायकडून आठ पिनांची वेगळी जोडणी लागते, तर आपले आताचे ७५ वॅटचे. बिननावाच्या सप्लायवर छापलेले ४५० वॅट प्रत्यक्षात मिळतीलच असे नाही, आणि तो जळताना शेजारचे भाग सोबत नेऊ शकतो. तेव्हा कार्डासोबत खात्रीच्या कंपनीचा ५५० वॅटचा सप्लाय घ्यावाच. तो रकमेत बसत नसेल तर ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० पाहावे. ते ७० वॅटचे असून साधारणपणे वेगळ्या जोडणीविना चालते. त्याची ताकद कमी आहे, पण सध्याच्या कार्डापेक्षा ते निश्चितच वरचढ आहे.

दुकानदारांचा सल्ला अप्रामाणिक आहे असे मी म्हणणार नाही. चिरंजीव दिवसभर ‘व्हॅलोरंट’सारखे चुरशीचे गेम १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळत असते, तर अडथळा प्रोसेसरचाच निघाला असता. तशी वेळ आली तरी बोर्ड बदलण्याची गरज नाही, कारण याच सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या खाचेत) सहा गाभ्यांचा आय५-१०४०० बसतो. अकराव्या पिढीचा प्रोसेसर मात्र, सॉकेट तेच असले तरी, एच४१० वर चालत नाही. तेवढे खरेदीच्या वेळी लक्षात असू द्यावे.

प्रश्न : माझ्या गेमिंग लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बदलता येईल का? एप्रिल-मेमध्ये तो फारच मंदावतो. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : बदलता येणार नाही. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप बोर्डावरच झाळलेली असते. रॅम आणि एसएसडी तेवढी, तीही काही मॉडेलांत, वाढवता येते. तरीही उन्हाळ्यातच तो मंदावतो, याचा अर्थ चिप अपुरी नसून तापते आहे. बाहेर ४० अंशांवर पारा असताना आणि पंख्यांत धूळ साचलेली असताना प्रोसेसर जळू नये म्हणून आपली गती आपणच उतरवतो. माहीतगाराकडून पंखे साफ करून चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलून घ्यावी, लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नये, आणि खेळताना चार्जर जोडलेलाच ठेवावा. बॅटरीवर चिपला पुरेशी वीज मिळत नाही.