वाटी दुखते म्हणजे वंगण संपलं असं नाही

प्रश्न : ताई, माझं वय 34. गुढीपाडव्यापासून रोज सकाळी पर्वती चढायला लागले, पहिल्या आठवड्यापासूनच दोन-दोन फेऱ्या. महिन्याभरात उजव्या गुडघ्याची वाटी दुखायला लागली. उतरताना जास्त. ऑफिसात तासभर बसून उठलं की पहिली चार पावलं नको होतात. एक्स-रे चांगला आहे, सूज नाही. तरी सगळे म्हणतात, ‘वंगण संपलंय, जिने बंद कर.’ पर्वती सोडू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सोडू नका. फक्त काही दिवस कमी करा. आणि ते ‘वंगण’ आधी डोक्यातून काढून टाका. तुमच्या वयाच्या बायकांना हा शब्द ऐकवला की त्या पाय जपायला लागतात, आणि जपलेला पाय अशक्त होतो. मला कॉलेजात असताना याच दुखण्यासाठी सहा महिने जिने बंद सांगितले होते. सहा महिन्यांनी टेपने मोजलं, तर दुखरी मांडी दुसरीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक! दुखणं होतं तिथंच होतं. फिजिओथेरपीकडे मी वळले ती त्यामुळेच.

वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेत वर-खाली सरकते. गुडघा वाकवून भार घेतला की ती खाचेवर दाबली जाते. सपाटीवर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, जिन्यावर वजनाच्या साधारण तिप्पट, उकिडवं बसताना सात-आठ पट. पर्वतीच्या पायऱ्या 103. दोन फेऱ्यांत प्रत्येक गुडघ्याने तुम्हाला शंभरेक वेळा तोलून खाली उतरवलं, तेही सवय नसताना, रोज. झीज नसतानाही एवढ्याने वाटी दुखते. म्हणून एक्स-रे चांगला आला.

आता मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करायचे, एक दिवसाआड. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचला. खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा. मग घरातला न डगमगणारा पाट भिंतीपाशी ठेवा. त्यावर दुखऱ्या पायाने उभं राहून दुसऱ्या पायाची टाच तीन अंक मोजत जमिनीला टेकवा आणि परत वर. समोर आरसा हवाच, कारण गुडघा आत झुकतो तो आपल्याला जाणवत नाही. तो पावलाच्या रेषेतच राहिला पाहिजे. सुरुवातीला दहा वेळा पुरे. दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं आणि सकाळपर्यंत शमलं, तर चालेल. सकाळीही ठणकत असेल तर पाट बाजूला ठेवा, बाकीचे दोन चालू द्या.

पर्वती एक दिवसाआड, एकच फेरी, तीही निम्म्यापर्यंत. टेपिंगने, म्हणजे वाटीला चिकटपट्टी लावून आधार दिल्याने, पहिले काही आठवडे आराम पडतो, पण खरं काम व्यायामाचं, आणि त्याला किमान सहा आठवडे द्या. गुडघा सुजला, अडकला, पाय अचानक लचकून सुटला किंवा रात्री झोपेतून जाग आणणारं दुखणं सुरू झालं, तर मात्र थांबू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

सहा आठवड्यांनी पाटावरून उतरताना गुडघा काय म्हणतो, ते मला नक्की लिहा.