फळी 20 इंचांची, शाफ्ट 15 इंची: इंजिन परत करता येईल का?

प्रश्न (नांदगाव तालुका, जि. नाशिक): गिरणा धरणावर मी स्वतः मासेमारी करतो. 18 फुटी फायबर होडीसाठी मुंबईच्या दुकानातून 1 लाख 35 हजारांचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायचं) इंजिन घेतलं. होडीची मापं आणि फोटो आधीच व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. दीड महिना झाला. इंजिन जोरात ओरडतं, होडी पुढे सरकत नाही, मग तापून बंद पडतं. दुकानदार म्हणतो, इंजिन ठणठणीत आहे आणि तुम्ही ते धंद्यासाठी घेतलंय.

उत्तर: इंजिन ठणठणीत आहे, हे त्याचं म्हणणं बहुधा खरं असेल. म्हणूनच नुसत्या 'सदोष माला'वर तक्रार उभी करू नका, ती तपासणीतच कोसळेल. इंजिन जिच्यावर अडकवतात ती होडीची मागची फळी 20 इंच असताना शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा, 15 इंची आला, तर पंखा वर राहून हवा ओढतो, आणि गार करणारं पाणी घेणारी छिद्रंही उघडी पडतात. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली हवी. फळीच्या मधोमध, वरच्या कडेपासून तळापर्यंत टेप धरून आणि या पट्टीजवळ, असे दोन फोटो आजच काढा.

तुमचा खरा मुद्दा माल विक्री अधिनियम 1930 च्या कलम 16 मध्ये आहे. वापर कशासाठी हे विक्रेत्याला सांगून, त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. पण 'अमुक कंपनीचं अमुक मॉडेलच द्या' असं तुम्हीच लिहिलं असेल, तर त्याला पळवाट मिळते. चॅट नीट वाचा, काहीही पुसू नका. त्याच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं (मोबाइलसारख्या उपकरणातली नोंद पुरावा म्हणून देताना लागणारं) प्रमाणपत्र जोडा.

आता घाई करा. नकार न कळवता माल वाजवी मुदतीपलीकडे ठेवला, तर माल विक्री अधिनियमाच्या कलम 42 नुसार तो स्वीकारल्यासारखा होतो, आणि मग परतीऐवजी बहुतेक भरपाईच मागता येते. फोनवरची भांडणं पुरावा म्हणून फारशी चालत नाहीत. स्पीड पोस्टाने नोटीस द्या: इंजिन नाकारतो, 15 दिवसांत पैसे परत करून घेऊन जा. त्यानंतर ते वापरू नका. आणि कुणी कितीही सुचवलं तरी फळी कापू नका. पुरावाही जाईल आणि दोषही तुमच्यावर येईल.

'धंद्यासाठी' ही त्याची ओरड मात्र पोकळ आहे. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 मध्ये बसते. पगारी माणसं ठेवून चार होड्या चालवत असाल तर गोष्ट वेगळी. तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. बिल, वॉरंटी कार्ड, चॅट, फोटो, नोटिशीची पोच आणि मेकॅनिकचा सहीचा लेखी अभिप्राय जोडा.

नोटीस मिळताच तो लांब शाफ्टचं इंजिन बदलून देईन म्हणाला, तर घ्या. मात्र नवं वॉरंटी कार्ड मागा आणि धरणात जाळ्यांच्या वजनासह चालवून पाहिल्याशिवाय 'तक्रार मिटली' या कागदावर सही करू नका.