फिअरलेस नादिया खरंच स्वतःचे स्टंट स्वतः करायची का? तिची कारकीर्द कशी घडली?

हो, जुन्या हिंदी स्टंटपटांची ही नायिका डमी न घेता स्टंट करायची. १९३६ च्या 'मिस फ्रंटियर मेल'मधली धावत्या आगगाडीच्या टपावरची मारामारी जरूर पाहा. त्या काळात ना संगणकाची करामत होती, ना आजच्यासारखं सुरक्षेचं साहित्य. तोल गेला की थेट खालीच.

मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, पर्थ, ऑस्ट्रेलिया. वडील ब्रिटिश फौजेत, त्यामुळे लहानपणीच मुंबईत आली. पुढे पेशावरकडे घोडेस्वारी शिकली, मुंबईत परतल्यावर बॅले, मग सर्कस. हे सगळं अंगात मुरलं होतं, म्हणून वाडिया मूव्हीटोन या चित्रपट कंपनीच्या जे. बी. एच. आणि होमी वाडिया बंधूंनी आधी छोट्या भूमिका देऊन तिला पारखलं.

१९३५ च्या 'हंटरवाली'ला वितरक मिळेना. हातात चाबूक घेऊन पुरुषांना लोळवणारी गोरी, दणकट बाई कोण बघणार, ही त्यांची धास्ती. शेवटी वाडियांनी स्वतःच चित्रपट लावला आणि तो तुफान चालला. स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. प्रतिष्ठित मंडळी मात्र स्टंटपटांना दुय्यम मानत राहिली, हा तिच्यावर सरळ अन्याय होता.

१९४२ मध्ये वाडिया बंधू वेगळे झाले. होमींनी बसंत पिक्चर्स काढलं आणि १९४३ मध्ये 'हंटरवाली की बेटी' केला. १९६१ मध्ये नादियाने होमींशी लग्न केलं. १९६८ चा 'खिलाडी' हा तिच्या शेवटच्या चित्रपटांपैकी एक. निधन मुंबईत, ९ जानेवारी १९९६.