“या वयात सर्टिफिकेट घेऊन काय होणार, मॅडम?”

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की आता मी त्याचं लगेच उत्तर देत नाही. तो ज्या खुर्चीतून येतो, तिथे बहुतेक वेळा दुसराच प्रश्न बसलेला असतो.

मीनाताई म्हणू त्यांना. वय ४१, राहायला ऐरोली, बी. कॉम. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बेसिक सर्टिफिकेट कोर्सचा फॉर्म त्यांनी तीनदा भरला आणि तिन्ही वेळा फी भरायच्या आधी बंद केला. पूर्वी त्या एका निर्यातदाराकडे डॉक्युमेंटेशनला होत्या. “बाळ झालं आणि सोडलं,” असं पहिल्या भेटीत म्हणाल्या. ते वाक्य फार गुळगुळीत होतं. मी नोंद करून ठेवली.

चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, “शेवटचं शिपमेंट आठवतं?”

बराच वेळ त्या पर्सच्या चेनशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, “पॅकिंग लिस्टवर मी १८,०५० किलो टाइप केलं. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, १८,५०० होतं. एलसीचा, म्हणजे बँकेच्या पतपत्राचा व्यवहार. बँक माल बघत नाही हो, कागद बघते. पैसे अडकले. साहेब सगळ्यांसमोर बोलले. महिन्याभरात मी राजीनामा दिला.”

“मग पैसे बुडाले?”

“नाही. बँकेने खरेदीदाराला विचारलं, त्याने फरक मान्य केला. अकरा दिवसांनी आले की पैसे.”

मी काहीच बोलले नाही. (गप्प बसणं मला उशिरा जमलं, पण आता बरं जमतं.) त्यांनीच वर पाहिलं. “बँकेनं सोडून दिलं,” त्या हळू म्हणाल्या, “मी नाही सोडलं.”

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वळणाची. माणूस घटनेने खचत नाही, ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये’ या हट्टाने खचतो, असं मी मानते. पण हे त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांच्याच कामातून ते निघालं. त्या संध्याकाळी मी स्वतःवर जरा खूश होते, हे कबूल करते.

आता मूळ प्रश्न. नुसत्या बेसिक सर्टिफिकेटवर नोकरी लागेलच असं नाही, आणि तसं सांगणाऱ्या क्लासपासून लांब राहा. निर्यात सुरू करायलाही ते लागत नाही. लागतो तो डीजीएफटीचा (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, तो ऑनलाइन ५०० रुपयांत निघतो. कोर्समधून मिळते ती भाषा: इन्कोटर्म्स २०२० (खर्च-जोखीम कोणाची हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम) मधल्या ११ अटी, त्यातल्या एफओबी आणि सीआयएफमध्ये भाडं-विमा कोणाच्या खिशातून जातो, मालाचा एचएस कोड, म्हणजे वर्गीकरणाचा क्रमांक, कसा शोधायचा. न्हावा-शेवा बंदर आपल्या इतकं जवळ असताना ही भाषा वाया जात नाही. फी भरण्याआधी एकच विचारा: शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा अर्ज), इन्व्हॉइस प्रत्यक्ष भरून घेतात का? नुसत्या स्लाइड दाखवत असतील तर पैसे वाचवा. आणि खंड पडला असेल तर बायोडेटात तो लपवू नका.

मीनाताईंनी चौथ्यांदा फॉर्म भरला, फीसकट. एलसीच्या तासाला सरांनी विचारलं, कागदपत्रांत तफावत म्हणजे काय, कोणी सांगेल? बाविशीतल्या पोरांमध्ये त्यांनी हात वर केला आणि स्वतःची चूक सांगितली, दोन्ही वजनांच्या आकड्यांसकट.